नाकाचं देणं

माझं पोट नाकावर चालतं. पोर्टलंडच्या एका खाद्यपदार्थ कंपनीत चव तपासणाऱ्यांचा गट आहे, त्याचं काम मी बघते. सकाळच्या नाश्त्याची चव जिभेवरून गेली की समोर पांढऱ्या वाट्या मांडल्या जातात. वाटीवर नाव नसतं, तीन आकडी नंबर असतो. आत काय आहे, काय असायला हवं होतं आणि नको ते काय आलंय, एवढं सांगायचं. या कामाचा पगार घराच्या हप्त्याला लागतो. तो जमा झाला की दर वेळी वाटतं, ह्यातला वाटा तात्यांना जायला हवा. द्यायला गेले असते तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणून मग हे लिहिणं.

तात्या हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते अमेरिकन, सहा फुटांच्या वर उंच, आयुष्यभर शहराच्या बसवर ड्रायव्हर. बीव्हर्टनला आमच्या शेजारच्या घरात राहायचे. आता मुलीकडे आयडाहोला असतात. मला पहिल्या नावाने हाक मार, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना. तोंडावर मी 'सर' म्हणायचे, ते त्यांना आवडायचं नाही. आमच्या घरात मात्र ते पहिल्या आठवड्यापासून तात्या झाले आणि तेच नाव राहिलं.

मी 2008 च्या अखेरीला इथे आले. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत, मी एच-4 व्हिसावर. तेव्हा एच-4 म्हणजे राहा, खा, गाडी चालवा, पण कमवू नका. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. केलं होतं, ते प्रमाणपत्र सुटकेसच्या खालच्या कप्प्यात होतं. बाहेर ऑरेगनचा पाऊस. तो आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता रिपरिपत राहतो, आणि दिवस उजाडला की मावळला तेही नीट कळू देत नाही. दिवसभर घरात एकटी. करण्यासारखं काही नसलं की माणूस स्वतःला किती लवकर निरुपयोगी समजायला लागतो, ते त्या हिवाळ्यात कळलं.

मार्चमध्ये एका शनिवारी कुंपणापलीकडून वास आला. सांगलीला आई नाचणीचं सत्त्व शिजवायची तेव्हा यायचा तसा, गोडसर, धान्याचा. चपला अडकवून बाहेर गेले. गॅरेजच्या दारात गॅसची शेगडी, शेजारी झाकण काढलेलं मोठं प्लास्टिकचं पिंप, आणि तात्या वल्ह्याएवढ्या लाकडी उलथन्याने त्यात ढवळत होते. थर्मामीटर 152 दाखवत होता. मी मनात सेल्सिअस केलं, 67 च्या जरा खाली. आल्फा आणि बीटा ही दोन्ही अमायलेज एन्झाइम्स काम करतील असं मधलं तापमान. तसं मी म्हणालेही; आपल्याला काही येतं हे कोणाला तरी सांगायची फार भूक होती. त्यांनी ऐकून घेतलं. मग मोठ्या चमच्यात पिंपातलं तपकिरी पाणी काढलं, फुंकर मारून गार केलं आणि माझ्यापुढे धरलं. "ही अजून दारू झालेली नाही," ते म्हणाले. माझ्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते त्यांनी ओळखलं होतं. "चव घे आणि सांग."

मी चव घेतली आणि म्हटलं, "गोड आहे."

"ते झालंच. आणखी?"

आणखी काही सांगता येईना. स्टार्चची साखर कशी होते ते मी फळ्यावर लिहून दाखवलं असतं. यीस्टची पेशी झोपेत काढून दाखवली असती. मेथिलीन ब्ल्यू टाकून मेलेल्या आणि जिवंत पेशी मी मोजलेल्या होत्या. पण त्या पेशी ज्या पाण्यात असतात त्याचा वास कसा असतो, हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं आणि आम्हीही घेऊन बघितला नव्हता. एम.एस्सी.ची दोन वर्षं मी नाकाशिवाय काढली होती.

त्या दिवसापासून शनिवारी त्यांच्याकडे जायला लागले. बाटल्या धुणं, नळ्या निर्जंतुक करणं, माल्ट दळायच्या गिरणीचं हँडल फिरवणं ही माझी कामं. सासरी-माहेरी सांगितलं होतं, शेजारच्या आजोबांकडे ब्रेड करायला शिकते. दोन्हीकडे यीस्ट एकाच जातीचं असतं, एवढंच त्यातलं खरं होतं. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं आणि त्याला त्यात गंमत वाटायची. पण मी स्वतः बिअर चाखलेली नव्हती. वर्ट, म्हणजे उकळायच्या आधीचं आणि नंतरचं ते गोड पाणी, तेवढं मी चाखायचे. यीस्ट पडलं की माझी मर्यादा संपली. आमच्या घरी माळ होती. दारू हा एकच शब्द होता. त्यात हातभट्टी, क्वार्टर, बिअर सगळं आलं, आणि ती गल्लीत कोण पितो याची यादी तोंडपाठ असायची. तात्यांनी मला एकदाही आग्रह केला नाही. आपल्याकडे आग्रहाला मोठा मान, पण आग्रह न करण्यातही आदर असतो, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

त्यांची बिअर मी पहिल्यांदा प्यायले ती 2010 च्या हिवाळ्यात. त्याला एक सरकारी निमित्त झालं. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरच्या वाइनला सूट मिळाली, घरची बिअर मात्र राहून गेली. ती कायद्यात बसायला 1978 चा ऑक्टोबर उजाडला. तेव्हा अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. एका घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर बिअर घरापुरती करता येते. तात्यांनी सुरुवात केली ती त्याच्याही आधी, माल्टच्या अर्काचा डबा आणि ब्रेडचं यीस्ट वापरून. ते सांगताना त्यांना लाज वाटायची. यीस्टची वाटायची, कायदा मोडल्याची नाही. पुढे 2010 मध्ये ऑरेगनच्या अधिकाऱ्यांनी राज्याचा जुना कायदा पुन्हा वाचला आणि घरची बिअर ज्या घरात केली तिथेच प्यायची, बाहेर न्यायची नाही, असा अर्थ काढला. राज्याच्या जत्रेतली घरगुती बिअरची स्पर्धा त्या वर्षी बंद पडली. पुढच्या वर्षी, 2011 मध्ये, कायदा दुरुस्त झाला. पण मधल्या काळात तात्यांच्या ओळखीचे सगळे चाखणारे आपापल्या घरी बिअर घेऊन बसलेले, आणि स्पर्धेसाठी ठेवलेली त्यांची काळी बिअर बाटल्यांत पडून. बसवर आयुष्यभर लाल दिवा न मोडलेला माणूस. कुंपणापलीकडेही बाटली द्यायचा नाही. "इथे येऊन कोणी तरी ती तपासायला हवी," ते म्हणाले, "आणि तू इथेच आहेस."

महाराष्ट्रात 1949 च्या कायद्याप्रमाणे दारू प्यायलासुद्धा परवाना लागतो, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "तुझ्याकडे आहे?" मी नाही म्हटलं. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ऑरेगनमध्ये चालेल.

ती इम्पिरियल स्टाउट होती. ही बिअर मुळातली लंडनची. साउथवर्क भागातल्या थ्रेल यांच्या कारखान्यातून, जो 1781 मध्ये विकला गेला आणि पुढे बार्कली पर्किन्स म्हणून ओळखला गेला, ती अठराव्या शतकाच्या शेवटी रशियाच्या दरबारासाठी जायची. लांबच्या प्रवासात टिकावी म्हणून ती इतकी कडक केली, ही गोष्ट सगळे सांगतात. मला ती पटत नाही. साधी पोर्टर बिअर तर जहाजाने थेट हिंदुस्थानापर्यंत यायची. श्रीमंत गिऱ्हाइकाला भारी माल हवा असतो, एवढं कारण पुरेसं आहे. तिचा आजचा काळेपणा मात्र 1817 नंतरचा: त्या वर्षी डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, आणि माल्ट न जाळता काळं करता येऊ लागलं. त्यामुळे बरंचसं फिकट माल्ट आणि थोडं काळं असं मिश्रण करता आलं. तात्यांचंही तसंच होतं. 19 लिटर बिअरला 9 किलो धान्य. त्यात काळं आणि भाजलेलं मिळून एक किलोच्या आतबाहेर. हायड्रोमीटरवर सुरुवात 1.100, शेवट 1.025, म्हणजे अल्कोहोल जवळपास 10 टक्के. ती वर्षभर बाटलीत थांबलेली होती.

त्यांनी चार बोटं मावतील एवढ्या गोल पेल्यात ती ओतली. ओतताना आवाज जाड येत होता. फेस पांढरा नव्हता, कातडी चपलेच्या रंगाचा होता, आणि तो सावकाश बसला. दिव्यासमोर धरला तरी पेल्यातून पलीकडचं काही दिसेना. फक्त कडेला, जिथे थर पातळ होतो तिथे, लालसर रेघ. खोलीच्या तपमानापेक्षा जरा गार. फ्रिजमधली नाही, गारठ्याने वास झोपतो, ते म्हणाले.

मी एक घोट घेतला. अंग शहारलं. आणि संस्कार असे की घोट घशाखाली उतरायच्या आत तोंडातून निघून गेलं, "छान झालीय."

तात्यांनी माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. चाखणाऱ्यांच्या परीक्षा घेणारी बीजेसीपी नावाची संस्था अमेरिकेत 1985 पासून आहे. तिची ती गुणपत्रिका. एकूण गुण 50. वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडाला लागणाऱ्या जडपणाला 5, एकंदर समाधानाला 10. "छानचा रकाना शोध," ते म्हणाले. मी खरंच शोधला. नव्हता.

मग आम्ही त्या टेबलाशी बसलो ते जेवायची वेळ टळून गेली तरी. आधी घोट नाही, नुसता वास. मी म्हटलं, कॉफीसारखा. कुठली कॉफी? आमच्याकडे चिकरी घातलेली असते. मग चिकरी का कॉफी? मी पुन्हा नाक खुपसलं. चिकरी. त्याच्या मागे काही? मनुका. भिजवलेल्या का सुक्या? सुक्याही नव्हेत आणि भिजवलेल्याही नव्हेत. केकात भाजून निघतात त्या. तात्यांनी ते लिहिलं. मला आठवतंय, माझं वाक्य कोणी तरी कागदावर लिहून घेतंय ह्याचं मला आधी नवल वाटलं आणि मग भीती. पुढचं वाक्य तोलून बोलायला हवं, कारण ते लिहिलं जाणार. कडू आहे म्हटलं तर कारल्याचं का मेथीचं का संत्र्याच्या सालीतल्या पांढऱ्या भागाचं, असं विचारत ते पुढे सरकत. कारलं त्यांना ठाऊक नव्हतं, दुसऱ्या दिवशी मी नेऊन चाखवलं. त्यांनी ते चावून खाल्लं आणि वहीत नोंदवलं.

शेवटी त्यांनी विचारलं, यात चूक काय आहे? मी म्हटलं, मला काय कळतंय. ते म्हणाले, कळायचं नाही, आहे ते सांगायचं. मी धीर करून म्हटलं की वास घेताना नाक जरा जळतं, नखाला लावायच्या रंगासारखं काही तरी. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. आंबताना पहिल्या तीन दिवसांत गॅरेज जास्त गरम झालं होतं, यीस्ट उष्णतेत पळत सुटलं की तसले जड अल्कोहोल आणि एस्टर तयार होतात, असं म्हणाले आणि वासाचे दोन गुण कापले. स्वतःच्या बिअरचे. माझ्यासारख्या नवशिकीच्या शब्दावर. माझ्या बोलण्यावर कोणी इतका विश्वास टाकल्याला तेव्हा बराच काळ लोटला होता.

त्यानंतर माझं शिक्षण सुरू झालं. तात्यांचं शाळेचं सामान स्वयंपाकघरातलंच. दुकानातली सगळ्यात स्वस्त, कसलाच वास नसलेली बिअर पेल्यांत ओतायची आणि एकेका पेल्यात एकेक दोष घालायचा. एकात केकला घालतात त्या लोण्याच्या अर्काचा थेंब: हा डायॲसेटिल. आंबणं संपत आलं की तापमान थोडं चढवून दोन-तीन दिवस थांबलं तर यीस्ट तो स्वतःच खाऊन टाकतं. घाई केली की लोण्याचा वास बिअरमध्ये राहतो. एकात डब्यातल्या मक्याचं पाणी. एकात व्हिनेगर. जुन्या, हवा लागलेल्या बिअरचा वास ओल्या पुठ्ठ्यासारखा असतो म्हणतात. त्यासाठी त्यांनी बुटाचा खोका भिजवून माझ्यापुढे धरला. हिरव्या बाटलीतली बिअर उन्हात ठेवली की तिला स्कंकचा वास येतो. स्कंक हा प्राणी मी पाहिलेला नव्हता, वास कुठून ठाऊक असणार? "उन्हाळ्यापर्यंत थांब," ते म्हणाले. जुलैत एका रात्री खिडकीतून तो आला. सकाळी मी कुंपणाशी जाऊन त्यांना ते सांगितलं, आणि मी परीक्षेत पहिली आल्यासारखे ते खूश झाले.

माझी आई 2012 च्या उन्हाळ्यात आली. ब्रेडचं खोटं फार दिवस टिकणार नव्हतं. शेजारी गॅरेजात पिंपं बुडबुडत होती. मी तिला सरळ घेऊनच गेले. ती दारात थांबली, पदर सावरला, काही बोलली नाही. तात्यांनी तिच्यापुढे माल्टचा डबा उघडला. तिने चार दाणे घेतले, नखाने एक फोडला, दाताखाली धरला आणि मला मराठीत म्हणाली, "मोड आणून वाळवलेले सातू आहेत की हे." मग तिने मला भाषांतराला बसवलं. किती तास भिजवता? किती दिवस मोड? मुळ्या कशा काढता? तात्या म्हणाले, हे मी करत नाही, विकत आणतो. पोर्टलंडला एफ. एच. स्टाइनबार्ट नावाचं 1918 पासूनचं दुकान आहे, तिथून. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते भाषांतराशिवाय त्यांना कळलं. सगळं विकतचं, मग यात तुमचं काय?

तिने त्यांना नाचणी कशी करायची ते सांगितलं: रात्रभर भिजवायची, फडक्यात घट्ट बांधून ठेवायची, मोड आले की सावलीत वाळवायची, हाताने चोळून मुळ्या झाडायच्या, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. तात्यांनी एकेक पायरी वहीत उतरवली. ती परत गेल्यावर त्यांनी इंडियन दुकानातून नाचणी आणून तसं केलं आणि पुढच्या स्टाउटमध्ये अर्धा किलो घातली. बाटली तयार झाली तेव्हा मी तिच्यात आईची नाचणी शोधली. नाक खुपसून, डोळे मिटून, पेला हाताने गरम करून शोधली. मला ती सापडावी असं फार वाटत होतं. तात्यांनाही वाटत असणार; त्यासाठीच त्यांनी गॅरेजात फडकी वाळत घातली होती. भाजलेल्या माल्टपुढे ती कुठे गेली होती कोण जाणे.

"नसेल तर लिहायचं नाही," ते म्हणाले.

आज वाट्या तपासताना माझ्या गटातलं कोणी तरी, पाकिटावर आंबा लिहिलाय हे ऐकून, आंब्याचा वास आला म्हणतं. मी त्यांना काही सुनावत नाही. पाकीट बाजूला ठेवते आणि नंबर घातलेली वाटी पुन्हा पुढे करते.

पुढे मी चाखणाऱ्यांची परीक्षा दिली, तीही तात्यांनी फी भरून मला न विचारता नाव नोंदवलं म्हणून. आधी ऑनलाइन पेपर, मग प्रत्यक्ष: दीड तासात सहा बिअर, प्रत्येकीची पूर्ण पत्रिका. पास झाले. स्पर्धांत परीक्षक म्हणून बसायचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे कामाचा परवाना नसलेल्या बाईलाही ते करता येत होतं. शनिवार-रविवार लोकांच्या घरच्या बिअर तपासायच्या आणि प्रत्येकाला वाचता येईल अशा अक्षरात लिहायचं: काय आहे, कशामुळे आलं असावं, पुढच्या वेळी काय करता येईल. तात्या माझ्या पत्रिका घरी वाचायचे आणि 'ओके', 'नाइस' असले शब्द लाल पेन्सिलीने खोडायचे. एकदा त्यांनी पूर्ण वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं, 'मला आवडली नाही'. शेजारी त्यांनी लिहिलं: तुला कोणी विचारलं?

मे 2015 मध्ये एच-4 वरच्या अनेक जोडीदारांना कामाची परवानगी मिळू लागली. माझा अर्ज गेला तेव्हा बायोडाटात मधली वर्षं कोरी होती. तात्या म्हणाले, पत्रिका घेऊन जा. मी त्यांच्या प्रतींचा गठ्ठा मुलाखतीला नेला. समोरच्या बाईंनी तो चाळला, एक निवडून वाचली आणि पदवीबद्दल काहीच न विचारता माझ्यापुढे तीन कप ठेवले. पहिल्या पगारातून मी तात्यांना स्वेटर घेतला. त्यांनी तो घेतला, आणि त्याला गोदामाचा वास येतो म्हणाले.

तेच नाक 2018 च्या शरद ऋतूत गेलं. कारण डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. ते इथे लिहायचं नाही. आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही. एक साधी फिकट बिअर त्यांनी मला ओतून दिली, स्वतः प्यायले आणि बरी झालीय असा चेहरा करून बसले. पेला नाकाशी नेताच लोण्याचा वास आला. थोडा नाही, पहिल्या धड्यातल्या पेल्याला आला होता तेवढा.

"लोणी," मी म्हटलं.

त्यांनी पेला उचलून हुंगला. पुन्हा हुंगला. "किती?"

"खूप."

ते उठले, कपाटातून लोण्याच्या अर्काची ती जुनी बाटली काढली, बूच उघडून नाकाखाली धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. मग बूच लावून ती माझ्या हातात दिली. आता तू ठेव, म्हणाले. मी काही तरी धीराचं बोलायला लागले. डॉक्टर, उपाय, काही वेळा परत येतं, असं. त्यांनी हात वर केला. बसवर मागून कोणी तरी बोलायला लागलं की करत असतील, तसा.

पुढच्या वसंतात त्यांनी शेवटची इम्पिरियल स्टाउट करायची ठरवली. मोजमाप, तापमान, वेळा त्यांच्याकडे, नाक माझं. दहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आंबत असताना मी रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना गॅरेजात डोकावायचे, बुचातून निघणाऱ्या वायूचा वास घ्यायचे आणि काय येतंय ते सांगायचे. मधे कामासाठी मी बाहेरगावी गेले तेव्हा बिअर यीस्टच्या गाळावर जरा जास्तच राहिली. मी परत येऊन तपासेपर्यंत त्यांनी ती हलवली नव्हती.

बाटली उघडली त्या रात्री त्यांनी पत्रिका माझ्यापुढे ठेवली. मी वास घेतला. करपट चॉकलेट, खारीक, थोडं चामडं. चांगली होती. आणि त्याच्या तळाशी, अगदी खाली, सोया सॉस. यीस्टच्या पेशी मरून फुटल्या की त्यांच्यातलं जे बाहेर पडतं त्याचा हा वास. ते कारण मला कोल्हापुरातच शिकवलं होतं. तो इतका मंद होता की नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. समोरच्या माणसाला तो कधीच कळणार नव्हता.

मी सांगितलं.

"किती?"

"थोडा. पण आहे."

"मग लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं. वास 8. रूप 3 पैकी 3. ते त्यांनाही दिसत होतं. चव 13. मग जडपणाचा रकाना आला तेव्हा त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं. वास गेला तरी जिभेचं गोड-कडू, तोंडातलं वजन, घशातली जळजळ हे शाबूत राहतं; ते पाच गुण त्यांचे होते. मी आधीच 4 लिहून ठेवले होते. त्यांनी घोट तोंडात फिरवला, गिळला, वाट बघितली. "3," ते म्हणाले. "गिळल्यावर घशाशी जळतंय. तुला लागलं नाही?" मला लागलं नव्हतं, माझं सगळं लक्ष नाकात होतं. मी पुन्हा एक घोट घेतला, वासाकडे दुर्लक्ष करून. जळत होतं. सोया सॉसच्या मागे लागून मी ते सोडून दिलं होतं.

4 खोडून 3 केले. एकंदर समाधानाचे 6. बेरीज 33. पत्रिकेच्या मोजणीत 30 ते 37 म्हणजे 'व्हेरी गुड'. तात्यांनी बेरीज स्वतः पुन्हा करून बघितली, खाली तारीख टाकली, आणि उरलेल्या अर्ध्या बाटलीला बूच लावून ती माझ्या नवऱ्यासाठी दिली. त्याला सगळंच छान लागतं, म्हणाले.